निघतानाचा शिक्का

आमचे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षे त्यांनी रत्नागिरी डेपोतून गाड्या बाहेर काढल्या आणि परत आणून लावल्या. रातराणी घेऊन आले, पावसात घाट उतरून आले, कधी गाडी बंद पडून चार तास उशिरा आले. पण लॉगशीट पुरी करून वाहतूक नियंत्रकाची सही घेतल्याशिवाय ते डेपोच्या फाटकाबाहेर पडले नाहीत. आम्ही दोघे भाऊ लहानपणी फाटकाशी त्यांची वाट पाहत उभे असायचो. गाडी लागलेली दिसायची, प्रवासी उतरून रिक्षात बसून जायचे, कंडक्टर चहाला जायचा, आणि अब्बा मात्र आतच. त्यांना विचारले की म्हणायचे, "गाडी आणली हे मला माहीत आहे. कागदाला कुठे माहीत आहे?"

२०१६च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एका बुलेटवर बसून इराण, तुर्कस्तान आणि जॉर्जिया फिरून आलो. आमच्यातला थोरला शाळेत मराठी शिकवतो, धाकट्याचे चिपळूणला गॅरेज आहे. एकाला नकाशा कळतो, दुसऱ्याला इंजिन. परत आल्यावर लोक विचारतात, डोंगर कसे होते, रस्ते कसे होते, खायला काय मिळाले. आम्ही सांगतोही. पण रात्री दोघे ओटीवर बसलो की आमच्या बोलण्यात येतात ते सरहद्दीवरचे नाके.

आधी गाडी समुद्रमार्गे का गेली ते सांगायला हवे. रत्नागिरीहून इराणला जायचा सरळ रस्ता नकाशावर आहे. अमृतसर, अटारी, लाहोर, क्वेट्टा आणि पुढे ताफ्तानची चौकी. एके काळी युरोपातली मंडळी याच वाटेने मोटारी आणि बसगाड्या घेऊन हिंदुस्थानात येत असत. आमच्यासाठी ती वाट नव्हती. गंमत म्हणजे आमच्या विमा एजंटाने सांगितले की थोडा जादा हप्ता भरला तर गाडीचा विमा नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान इथेही लागू करून मिळतो. म्हणजे विम्याच्या कागदावर आमची बुलेट लाहोरला जाऊ शकत होती. आम्ही तिच्यावर बसून जाऊ शकत नव्हतो. (अटारीची ती चौकी २०२५च्या एप्रिलमध्ये आपल्या सरकारने बंद केली.) तेव्हा गाडीची बॅटरी सोडवून, टाकी रिकामी करून, लाकडी खोक्यात ठोकून ती न्हावाशेव्याहून बंदर अब्बासला पाठवली आणि आम्ही मागून विमानाने गेलो. अब्बांनी तेव्हा एकच विचारले, "बोट कराचीवरून जाईल ना?"

कराचीत अब्बांची थोरली बहीण, आमची फुफू. आमच्या कोकणातल्या पुष्कळ घरांची एक फांदी तिकडे आहे, त्यात नवल काही नाही. मुंबईहून कराचीला जहाज जात असे त्या काळात ती लग्न होऊन गेली. अब्बा तिला भेटायला एकदाच जाऊ शकले, १९८३ साली. व्हिसा फक्त कराची शहराचा. पोचल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी द्यायची आणि निघण्याआधी पुन्हा जाऊन निघत असल्याची वर्दी द्यायची. पोचल्याची वर्दी द्यायला भाचे बरोबर आले. निघायच्या दिवशी घरात रडारड, डबे भरणे, कुणाकुणाच्या भेटी, त्यात ठाण्यात जायचे कुणालाच आठवले नाही. स्टेशनच्या वाटेवर अब्बांना एकदम आठवण झाली. रिक्षा वळवली, कागदावर शिक्का घेतला, गाडी कशीबशी मिळाली. पण बहिणीचा निरोप मात्र धड घेता आला नाही. तो कागद अजून आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहे. आम्ही निघालो तेव्हा अब्बा म्हणाले, "शिरताना सगळेच जपून असतात. तुम्ही निघताना बघा."

आता कार्नेटविषयी. परदेशी मोटारसायकल न्यायची तर माणसाचा पासपोर्ट पुरत नाही, गाडीलाही पासपोर्ट लागतो. त्या पुस्तिकेला कार्नेट म्हणतात. सगळ्याच देशांत ती लागते असे नाही. इराणला लागत होती, तुर्कस्तान आणि जॉर्जियाला नाही. आपल्याकडे ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. पुस्तिकेचे प्रत्येक पान आडवे तीन भागांत छापलेले असते. खालचा तुकडा देशात शिरताना कस्टमवाले फाडून घेतात, मधला तुकडा बाहेर पडताना. वरचा तुकडा पुस्तिकेतच राहतो आणि त्याच्यावर शिरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही शिक्के असावे लागतात. निघाल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या लेखी गाडी तिथेच आहे, म्हणजे तुम्ही ती गुपचूप विकली. मग ते सरकार जबर आयात शुल्क मागू शकते. ते मागते असोसिएशनकडे, आणि असोसिएशन तुमच्याकडे. म्हणून पुस्तिका देतानाच बँकेची हमी घेतात. आमची हमी अब्बांच्या निवृत्तीच्या पैशांवर उभी होती. त्या ठेवीचे व्याज ते कधी घरात आणत नसत, बाहेरच्या बाहेर वाटून टाकत. पण मुद्दल तेवढेच होते, आणि त्यात अम्मीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचाही हिशेब धरलेला होता. बँकेत सही करताना त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फॉर्म मात्र तीनदा वाचला.

बंदर अब्बासच्या गोदामातून गाडी सोडवायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आमचे शिक्षण झाले. पहिला धडा असा, की कस्टमच्या कचेरीत भाषा येत नसली तरी शब्द येतात. दफ्तर, कागद, सनद, परवाना, मोहोर हे सगळे शब्द आम्ही मराठी शाळेत शिकलो होतो. तिथे ते घरच्या माणसांसारखे खिडकीखिडकीत भेटत होते. परवान्याला ते पर्वाने म्हणतात, कागदाला काघझ, आणि शिक्क्याला मोह्र. आमच्या रत्नागिरीत मोहोर म्हटले की आधी आंबा आठवतो. चार दिवस आम्ही मोहोर येण्याची वाट पाहत होतो, असे थोरला म्हणाला, आणि स्वतःच हसला. धाकट्याला उकाड्याने काही सुचत नव्हते.

तिथल्या एका वयस्क कारकुनाला थोरल्याने मोडक्या उर्दू-फारसीत सांगितले, की आमच्या गावोगावी शहराच्या वेशीवर जो माल-कर घेत त्याला मराठीत जकात म्हणत. मुंबईत तर ती २०१७च्या जुलैपर्यंत होती, पण तेव्हा आम्हाला ते पुढचे काय माहीत! कारकुनाला ते पटेना. जकात गरिबाची, ती सरकार कशी घेईल? त्याने शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून आम्हाला पुन्हा सांगायला लावले. दोघांनी मान हलवली. आमच्या फाइलीचे काम मात्र त्या दिवशी लवकर झाले.

दुसरा धडा आडनावाचा. आमची नावे वाचून समोरचा माणूस खूश होई, सलाम करी; मग आडनावापाशी अडे. कोकणातल्या आमच्यासारख्यांचे आडनाव गावावरून पडलेले. हे काय नाव आहे? मुसलमान आहात ना? हिंदी की पाकिस्तानी? हे आम्हाला नवे नव्हते, आपल्याकडे उलट बाजूने विचारतात एवढेच. तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता, असे थोरल्याला मराठीचा मास्तर झाल्यावरही विचारले गेले आहे. नाक्यावर आम्ही ठरवून टाकले की उत्तर द्यायचे ते पासपोर्टात असेल तेवढेच. हिंदी. गाव रत्नागिरी. गाडी एमएच शून्य आठ.

इराणातल्या दोन हजारांहून अधिक किलोमीटर रस्त्याबद्दल इथे लिहीत नाही. यझ्द, इस्फहान, तेहरान, तबरीझ. लोकांनी पोटभर खाऊ घातले आणि पैसे घेताना भांडण केले. मे महिन्याच्या पाच तारखेला, गुरुवारी सकाळी, माकूच्या खिंडीतून आम्ही बाझरगानला पोचलो. बाझरगान म्हणजे व्यापारी. नाव सार्थ आहे. गावाआधीपासूनच मालट्रकांची रांग लागली होती. मोटारसायकलला रांग सोडून पुढे जाऊ देतात, हे आम्हाला कळले होते. इराणातले स्वस्त पेट्रोल टाकी काठोकाठ भरून घेतले, कारण पलीकडे ते कितीतरी पटींनी महाग. उरलेले रियाल मोजून वेगळे ठेवले. बर्फाचा भला मोठा डोंगर दिसू लागला. तुर्की लोक त्याला आग्री म्हणतात, बाकीचे जग अरारात, आणि इराणी कोह-ए-नूह. कुराणात नूह पैगंबरांची नाव जूदीवर टेकल्याचे आहे, आणि तुर्कस्तानातला जूदी डोंगर बराच दक्षिणेला आहे. पण ते पाहून आम्ही गाडी थांबवली हे खरे. तिथे घालवलेली वीस मिनिटे पुढे महागात पडली.

नाक्यावर पोचताच एक इसम बुलेटच्या शेजारून धावू लागला. प्रत्येक मोठ्या नाक्यावर असे दलाल असतात. त्यातले सगळे लबाड नसतात, काही खरोखर उपयोगी पडतात. पण मूळ कागद त्यांच्या हातात द्यायचा नाही हा नियम आम्ही पाळत होतो. त्या दिवशीही पाळला. त्याला नको म्हटले, तरी तो पुढे पुढे चालत राहिला. एका खिडकीत कार्नेट दाखवले. तिथल्या माणसाने गाडी पाहिली, मधला तुकडा फाडून ठेवला, आणि पुस्तिका परत देताना वरच्या मजल्याकडे बोट केले. वर कुणी साहेब आहे, त्याची सही आणि शिक्का घ्या, असा त्याचा अर्थ होता. आम्ही वर गेलो. दार बंद होते. नमाजाची वेळ, मग जेवणाची, त्यात गुरुवार म्हणजे तिथला अर्धा सुटीचा दिवस. खाली दोन बसगाड्या भरून प्रवासी आले होते आणि पासपोर्टच्या रांगेत ढकलाढकली चालली होती. दलाल म्हणाला, पासपोर्ट आधी, पासपोर्ट आधी, नंतर गर्दी. आम्हीही तेच केले. पासपोर्टवर शिक्के बसले. बाहेर आलो तर फाटक उघडलेले, शिपाई हात करून चला चला म्हणतो आहे, मागे बस भोंगा वाजवते आहे. आम्ही चालू केली गाडी आणि गेलो पलीकडे.

यात दुसऱ्या कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. कोणी आम्हाला फसवले नाही. वरच्या मजल्यावरचे दार पुन्हा ठोठवायचे आम्ही विसरलो, एवढेच.

पलीकडे ग्युर्बुलाक. तुर्कांच्या बाजूला घड्याळ दीड तास मागे करावे लागले. गाडीला तिथला विमा काढला. गाडी थोरल्याच्या पासपोर्टवर नोंदवली, म्हणजे तुर्कस्तानातून तो गाडीशिवाय बाहेर पडू शकत नव्हता. सगळे सुरळीत झाले म्हणून आम्ही खुशीत पस्तीस किलोमीटरवरच्या दोउबायाझित गावात मुक्कामाला गेलो. रात्री आठला घरी फोन लावला, तेव्हा रत्नागिरीत साडेदहा वाजले होते. अम्मी झोपली होती. अब्बा जागे.

"निघालात का इराणातून?"

"निघालो, अब्बा."

"शिक्का दोन्हीकडे आहे?"

थोरल्याने फोन कानाला धरूनच पुस्तिका उघडली. शिरल्याचा शिक्का, बंदर अब्बास, निळी शाई. शेजारचा चौकोन कोरा.

आम्ही अब्बांशी खोटे बोललो. हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. मग धाकटा म्हणाला, "परत जाऊ." थोरला म्हणाला, "कसे जाणार? इराणचा व्हिसा एकदाच शिरण्याचा होता. तो संपला." धाकट्याने हमीचा आकडा मोठ्याने उच्चारला, आणि मग तो उगाच बाहेर जाऊन गाडीची चेन तपासत बसला. पुस्तिकेच्या शेवटी एक पान असते. गाडी मायदेशी आली हे आपल्याच कस्टमने पाहून तिथे लिहून दिले तर राहिलेल्या शिक्क्याची भरपाई होऊ शकते. हे आम्ही रात्री दोन वाजता पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत वाचले. म्हणजे सारे बुडालेच असे नव्हते. पण तोवर पत्रव्यवहार, तोवर ठेव अडकलेली, आणि इराणकडून मागणी आली तर? शिवाय पुढचा सगळा प्रवास पोटात हा दगड घेऊन करायचा.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा ग्युर्बुलाकला गेलो. शुक्रवार म्हणजे पलीकडे पूर्ण सुटी. फाटक सुटीलाही चालू असते, पण शिक्क्याचा साहेब असेल का? तुर्की पोलिसांनी आधी आम्हाला आत सोडेचनात. तुम्ही काल आलात, आज कुठे निघालात? थोरल्याने पुस्तिका उघडून कोऱ्या चौकोनावर बोट ठेवले. पिकल्या मिशांचा एक कस्टम अधिकारी आला. त्याने पाहिले, ओठ बाहेर काढला आणि म्हणाला, "म्युह्यूर योक." मोहोर नाही. कस्टमला ते ग्युमरूक म्हणतात आणि पलीकडचे गोमरोक. फाटकाच्या दोन्ही बाजूंना शब्द एकच, शिक्के मात्र वेगवेगळे.

त्या माणसाला आमच्यासाठी काही करायचे कारण नव्हते. आमचा घोटाळा त्याच्या देशातला नव्हताच. त्याने तासभर आम्हाला बाकावर बसवून ठेवले, स्वतःची कामे केली, मग उठला आणि आमच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. गजांतून त्याने पलीकडच्या शिपायाला हाक मारली. शिपायाने दुसऱ्याला बोलावले, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी साधा सदरा घातलेला एक चष्मेवाला अधिकारी आला, बहुधा घरून बोलावून आणलेला. त्याने गजांतून पुस्तिका घेतली, पान उलटले आणि सरकारी आवाजात वाचल्यासारखे म्हणाला, "मोह्र नदारद."

नदारद! हा शब्दही आमचाच. पण त्या वेळी त्याचे कौतुक वाटण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

त्याचे म्हणणे बरोबर होते. शिक्का मारायचा म्हणजे गाडी बाहेर गेली याची साक्ष द्यायची. त्याने गाडी बाहेर जाताना पाहिली नव्हती. मधला तुकडा कचेरीत असेल, पण तुकड्यावरचीच गाडी बाहेर गेली कशावरून? तेव्हा धाकट्याने खिशातून पाकीट काढले. आपल्याकडे आर.टी.ओ.त गाडीची नोंद करताना चेसिस नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात आणि तो ठसा अर्जाला चिकटवतात. मेस्त्री माणूस, त्याने घरून निघताना असे दहा ठसे घेऊन ठेवले होते. आम्ही त्यावरून त्याची थट्टा केली होती. चष्मेवाल्याने ठसा उजेडाकडे धरला, पुस्तिकेतला आकडा एकेक अक्षर लावून पाहिला, आणि म्हणाला, गाडी आणा.

गाडी फाटकाशी न्यायला तुर्की साहेबाची परवानगी हवी. त्याने हाताने इशारा केला: इंजिन बंद, ढकलत. आम्ही ती बुलेट त्या चढावर ढकलत नेली. पलीकडून त्याने बसून गजांतून वाकून पाहिले, धाकट्याने चिंधीने धूळ पुसून चेसिसवरचा आकडा दाखवला, त्याने तो पुन्हा ठशाशी लावला. नंबर प्लेट वाचली. मग पुस्तिका घेऊन निघून गेला.

आम्ही दोन देशांच्या मधल्या त्या सिमेंटच्या पट्ट्यावर उभे होतो. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही हा आमचा नियम गजांच्या पलीकडे चालत गेला होता. तुर्की साहेब सिगारेट ओढत थांबला होता. त्यालाही बहुधा आता पुढे काय होते ते पाहायचे होते. ट्रक जात होते, येत होते. एक वाजला, पलीकडे अडीच. अजान झाली. थोरल्याने मनातल्या मनात काय काय कबूल केले ते त्याने अजून सांगितलेले नाही.

चष्मेवाला परत आला तेव्हा पुस्तिका उघडीच होती, शाई वाळावी म्हणून. शिक्क्यावर आकडे होते १३९५, २, १६. त्यांच्या सौर सालातली ती आदल्या दिवशीची, गुरुवारची तारीख. त्याने आज शुक्रवारची घातली असती तर पासपोर्टच्या तारखेशी ती जुळली नसती आणि पुढे कुणीतरी नक्की विचारले असते. हे त्याच्या लक्षात होते. पुस्तिका देण्याआधी त्याने आम्हाला चांगले झापले. सगळे कळले नाही. शेवटी विचारले, हमी कुणाची? थोरला म्हणाला, पेदर. वडिलांची. त्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सलाम बेरेसून." वडिलांना सलाम सांगा. आम्ही राहिलेल्या रियालचे पुडके पुढे केले, तर त्याने असा चेहरा केला की ते आम्ही पटकन खिशात घातले. तुर्की साहेबाने आमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तमाम." त्यांच्या भाषेत तमाम म्हणजे ठीक आहे, झाले.

पुढचे नाके सोपे गेले, किंवा आम्ही शहाणे झालो. कार्सला असताना आनी नावाच्या उजाड नगरीत गेलो. पडकी चर्चे, एक जुनी मशीद, खाली खोल दरीत अर्पाचाय नदी आणि तिच्यावर मोडलेल्या पुलाचे दोन तुकडे. पलीकडचा काठ आर्मेनिया. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. तुर्कस्तानने ती हद्द १९९३ साली बंद केली. तिथे खिडकी नाही, साहेब नाही, शिक्का नाही. बाझरगानच्या फाटकावर निदान भांडायला कुणी तरी होते. आम्ही बराच वेळ त्या पुलाकडे पाहत बसलो आणि मग आर्दाहान, पोसोफ असा वळसा घालून त्युर्कग्योझ्यूच्या नाक्यावरून जॉर्जियात गेलो. तिथे कार्नेट लागतच नव्हते. गाडीला विमासुद्धा लागला नाही. परदेशी गाड्यांना तो २०१८च्या मार्चपासून सक्तीचा झाला. दहा मिनिटांत काम झाले आणि मुलगी म्हणाली, जा. आम्ही जाईनात. आणखी कुठे शिक्का? कुठे सही? वरचा मजला? तिने हसून आजूबाजूच्यांना आम्ही काय विचारतो ते सांगितले.

परतताना काळ्या समुद्राकाठच्या सार्पी नाक्यावर वेगळीच तऱ्हा. गाडीवर फक्त चालवणारा. मागे बसणाऱ्याने उतरून माणसांच्या दालनातून पायी जायचे. थोरला गाडी घेऊन एका बाजूने गेला आणि धाकटा पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूने. सार्पी हे गाव हद्दीने मधोमध कापलेले आहे. नाका उघडला १९८८ साली. त्याआधी अनेक वर्षे एकाच घरातली माणसे अलीकडे-पलीकडे होती आणि एकमेकांच्या दारात जाऊ शकत नव्हती. पलीकडे गेल्यावर धाकटा लवकर दिसेना, तेव्हा थोरल्याच्या पोटात गोळा आला. वीस मिनिटांचाच प्रश्न होता. बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "फुफूची आठवण आली." थोरल्यालाही तीच आली होती.

मेर्सिनच्या बंदरात गाडी पुन्हा खोक्यात घातली. ती न्हावाशेव्याला पोचली, तिथे आपल्या कस्टमने पुस्तिकेवर शेवटची सही केली, आणि आम्ही ती असोसिएशनकडे परत करण्याआधी घरी आणली. अब्बांना खरे सांगायचे होते. फोनवर खोटे बोललो तेही. ओटीवर बसून सगळे सांगितले. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. चष्मा लावून त्यांनी पुस्तिका उघडली. उर्दू आकडे त्यांना लहानपणापासून येतात. बोट ठेवून वाचले: तेराशे पंच्याण्णव, दोन, सोळा.

"हाच का तो गजातून आलेला?"

"हाच. त्याने तुम्हाला सलाम सांगितलाय."

"वालेकुम सलाम," अब्बा म्हणाले, आणि पान उलटून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा पुढची. मग धाकट्याला म्हणाले, "स्टँडसमोर जाऊन या पानाची झेरॉक्स काढून आण. दोन काढ. एक ट्रंकेत ठेवू."

"आणि दुसरी?"

"दुसरी कराचीला पाठवायची."